जगात जर्मनी, भारतात परभणी, गॅदरिंगला जपान

शाळेच्या गॅदरिंगला जपानी गाणं घ्यायचं ठरलं, की आधी त्याचं लेखी कारण तयार करावं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. गावातल्या दुसऱ्या इंग्लिश स्कूलनं गेल्या वर्षी कोरियन गाण्यावर डान्स बसवला आणि जूनमध्ये तिच्या नर्सरीला पोरं वाढली. कागदावर हे शोभत नाही. कागदावर ‘जागतिक संस्कृतीची ओळख’ असं लिहून खाली नवीन शैक्षणिक धोरणाचा उल्लेख टाकावा. धोरण कुणी पूर्ण वाचलेलं नसतं, त्यामुळे हरकतही कुणी घेत नाही. तरी कुणी अडलाच, तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव पुढे करावं. तिथली पोरं खरोखरच जपानी शिकू लागली होती आणि २०२० मध्ये त्याची बातमीही झाली होती. कोणती परकी भाषा शिकायची असं विचारल्यावर, रोबोट आणि तंत्रज्ञानात गोडी म्हणून पोरांनीच जपानी निवडली होती. हा शेवटचा तपशील मात्र बैठकीत सांगू नये. पोरांना विचारायचं असतं, हे एकदा बाहेर पडलं की पुढची सगळी कार्यपद्धती कोलमडते.

जपानमध्ये ती कोलमडलेलीच आहे. तिथं शरद ऋतूत शाळाशाळांत ‘बुंकासाई’ म्हणजे सांस्कृतिक उत्सव होतो. वर्गानं काय सादर करायचं, हे वर्गातली पोरं आपसात चर्चा करून ठरवतात आणि शिक्षक बाजूला असतात. आपल्याकडे हा प्रयोग करायला हरकत नाही, पण निकाल आधीच माहीत आहे. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हापासून हात वर करायला सांगितलं की ‘झिंगाट’ एकमतानं मंजूर होतं. म्हणून समिती नेमावी. समितीत मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, सचिवांच्या सूनबाई (त्यांना डान्सची आवड आहे) आणि ज्यांच्याकडे तासिका कमी आहेत ते एक सर असावेत. काम सरांनी करायचं असतं.

पोरांची यादी तेवढी मागून घ्यावी. मागितल्यानं त्यांना बरं वाटतं. तिच्यात ‘नारुतो’ची गाणी असतील, ‘डीमन स्लेयर’चं ‘गुरेंगे’ असेल, आणि दहावी ‘ब’ मधला कुणीतरी क्रीपी नट्सचं २०२४ मधलं ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ सुचवेल. हे शेवटचं सचिवांना ऐकवू नये. त्यातले शब्द इतक्या वेगानं येतात, की त्यांना हा आपल्याविरुद्धचा तक्रार अर्ज वाटण्याचा संभव आहे. सचिव स्वतः ‘लव्ह इन टोकियो’तलं लताबाईंचं ‘सायोनारा’ सुचवतील. तो सिनेमा १९६६चा, संगीत शंकर-जयकिशनचं आणि त्यातलं जपान आशा पारेखपुरतं. पण नाही म्हणू नये. ‘राखीव’ असं लिहून ठेवावं.

आता प्रेरणादायी गाण्यांकडे वळू.

पहिलं नाव निघतं क्यू साकामोतोच्या ‘उए ओ मुइते आरुको’चं. १९६१चं हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शीळ वाजवत जाणारी हसरी चाल आहे. ती ऐकून समिती खूश होते. घोटाळा अर्थात आहे. डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून हा गडी मान वर करून चालला आहे. गीतकार रोकुसुके एई १९६०च्या आंदोलनात होता. अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार रद्द व्हावा म्हणून लोक रस्त्यावर उतरले, करार काही टळला नाही आणि त्या निराशेतून हे शब्द आले. खरं तर हे गाणं परभणीकराला भाषांतराशिवाय कळायला हवं. कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा, निवेदन द्यायचं, फोटो काढायचा आणि आभाळाकडं बघत स्टँडवर यायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. तरीही गाणं घ्यायचंच असेल, तर परदेशात पडलेलं त्याचं नाव पत्रिकेत छापू नये. तिकडच्या कंपनीनं उच्चार जमेना म्हणून त्याला ‘सुकियाकी’ म्हटलं, आणि सुकियाकी हा मांस घालून शिजवलेला एक पदार्थ आहे. असं काही छापलं की पालक डबे घेऊन येतील.

दुसरं गाणं त्याहून धोक्याचं. नोरियुकी माकिहारानं लिहिलेलं आणि स्मॅप या गटानं गायलेलं ‘सेकाई नी हितोत्सु दाके नो हाना’. २००३ मध्ये निघालेल्या या गाण्याच्या तीस लाखांवर प्रती जपानात खपल्या. सार असं, की प्रत्येक जण वेगळं फूल आहे, तेव्हा पहिला नंबर आला नाही तरी बिघडत नाही. आता हे गाणं कुठल्या मंचावर वाजणार, त्याचा विचार करावा. मागच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो टक्क्यांसकट आहेत. पुढच्या खुर्च्यांवर, पोराला अकरावीला लातूरला टाकायचं म्हणून आत्तापासून प्लॉट विकायला काढलेले पालक बसलेत. अशा वेळी जपानी भाषा कामाला येते. अर्थ सांगू नये, फक्त ‘फुलांवरचं गाणं’ म्हणावं. क्रम मात्र अचूक असावा. पहिल्या तीन नंबरांचे सत्कार आटोपले, की उरलेल्या पोरांकडून हे गाणं बसवून घ्यावं. संख्याबळाची अडचण येत नाही.

तिसरं गाणं समितीपर्यंत पोचूच देऊ नये. ‘ताबिदाची नो ही नी’ हे निरोपाचं गाणं १९९१चं. सायतामा प्रांतातल्या चिचिबूच्या एका शाळेत त्याचा जन्म झाला आणि पुढे देशभरच्या शाळांत निरोप समारंभाला ते गाऊ लागले. गोड आहे, सोपं आहे, दहावीच्या निरोपाला अगदी शोभेल. अडचण एवढीच, की ते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलंय आणि चाल शाळेच्याच संगीत शिक्षिकेनं लावलीय. ही माहिती आपल्या मोठ्या सरांच्या कानावर गेली, तर जपान तिथंच संपला. त्यांच्या कपाटात दोन कवितासंग्रह तयार आहेत आणि तिसऱ्याची प्रस्तावना यायचीय. बी. रघुनाथांच्या जिल्ह्यात कवी असणं हा गुन्हा नाही, पण गॅदरिंगला वेळ मर्यादित असतो.

झार्डचं ‘माकेनाईदे’ (१९९३) मात्र डोळे झाकून घ्यावं. ‘हार मानू नका’ असा सरळ धीर आहे. जपानी टीव्हीवर चोवीस तासांच्या कार्यक्रमात लांबच लांब धावून थकलेल्या माणसासाठी ते गातात. आपण ते प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि अध्यक्षीय समारोप यांच्या मध्ये ठेवावं. श्रोत्यांना गरज तिथंच असते.

लहान वर्गांसाठी ‘पाप्रिका’. २०१८ मध्ये केन्शी योनेझूनं हे गाणं पाच पोरांच्या फूरिन या गटासाठी केलं. हातवारे सोपे, उड्या भरपूर, आणि चुकलं तरी चुकलंय हे मंडपातल्या एकालाही कळत नाही. जपानी गाण्याचा हा मोठा फायदा कुठल्याच शैक्षणिक धोरणात नोंदलेला नाही.

उच्चारांची चिंता करू नये. अ, इ, उ, ए, ओ हे त्यांचे स्वर आपल्या पोरांच्या तोंडात पहिलीपासून आहेत. देवनागरीत लिहून दिलं, की तिसरीतलं पोरगं खडखडीत म्हणतं. अडचण ड्रेपरीवाल्याकडे येते. त्याच्याकडे मावळे, वारकरी, भारतमाता, कृष्ण आणि एक वाघ आहे. किमोनो मागितला तर तो म्हणतो, “सर, तसलं काही येत नाही आपल्याकडं. वकिलाचा कोट देऊ का? बाह्या ढगळ्याच हैत त्याच्या.” घ्यावा. कमरेला आईच्या पैठणीचा पट्टा बांधला, की पाचव्या रांगेपलीकडून जपान दिसतो.

निवेदनात जपानशी आपलं नातं सांगावं लागतं. बुद्ध आणि रोबोट सगळेच सांगतात. परभणीत सोयाबीन सांगावं. तोफू, मिसो, सोया सॉस ही सगळी त्याचीच लेकरं. फक्त हे वाक्य पाहुण्यांच्या भाषणाआधी घेऊ नये. २०२४-२५चा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात किती मिळाला, या विषयावर पाहुणे एकदा घसरले, की ‘पाप्रिका’तली पोरं मेकअपसकट झोपतात.

गाणं चालू असताना बक्षिसं येतील, त्याची तयारी ठेवावी. जपानी गायिका वरच्या पट्टीत पोचलेली असते, साउंडवाला आवाज खाली ओढतो आणि माइकवर येतं, “या ठिकाणी माजी सरपंचांकडून चायना डान्सला एकशे एक रुपये!” दुरुस्ती करायला जाऊ नये. दुरुस्ती केली, की जपानसाठी वेगळे मागितले असा अर्थ होतो. वर्गशिक्षकांनी वहीत आकडा लिहावा आणि पुढचा पुकारा ऐकावा.

साउंडवाल्याला गाण्याचं नाव दोनदा लिहून द्यावं आणि ट्रॅक त्याच्याच पेनड्राइव्हवर टाकावा. आपला पेनड्राइव्ह त्याच्या मशिनला चालत नाही, हा नियम आहे. त्याला बरं वाटावं म्हणून कराओके हे यंत्रही जपानचंच, १९७१ मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वाजंत्र्यानं तयार केलेलं, आणि त्यानं पेटंटसुद्धा घेतलं नाही, हे सांगावं. तो म्हणेल, “येडाच म्हणायचा की.” व्यवसायातल्या माणसाचं मत आहे, वाद घालू नये.

वन्स मोअर आला, तर ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगावं आणि पोरांना जागा घ्यायला लावावी. साउंडवाला मान हलवेल, बटण दाबेल आणि ‘झिंगाट’ लागेल. थांबवायला कुणी उठू नये. वकिलाचे कोट घातलेली ती वीसही पोरं तोवर नाचायला लागलेली असतात, तीही एकही स्टेप न चुकता.