विजयाच्या रात्री चौकात नाचण्याबाबत सूचना (वय वर्षे पन्नास व त्यापुढील क्रिकेटरसिकांसाठी)

भारताने विश्वचषक जिंकला की रात्री चौकात जाऊन नाचणे हे आता नागरी कर्तव्य झाले आहे. पुण्यात गुडलक चौक, मुंबईत मरीन ड्राइव्ह, इतरत्र जिथे वाहतूक सर्वांत जास्त अडेल ती जागा. तरुण मुले घरातून निघतानाच नाचत निघतात, त्यांना काही सांगावे लागत नाही. प्रश्न आपल्या पिढीचा आहे. आपले नृत्यशिक्षण मित्राच्या वरातीत बेंजोपुढे सुरू झाले आणि त्याच रात्री संपले. म्हणून या सूचना.

पूर्वतयारीत पहिले स्थान दुपारच्या झोपेचे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे तीनऐवजी पाचला सुरू झाला. हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले तोवर मध्यरात्र उजाडली होती. ज्यांनी वामकुक्षी चुकवली, त्यांनी दीप्ती शर्माचे पाच बळी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचले.

पोशाखात निळी जर्सी चालेल, मात्र पाठीवरचे नाव पोटामुळे ताणले जाऊन वाचता येईनासे होऊ नये. बूट नाडीचे घालावेत. चौकात सुटलेली चप्पल परत मिळत नाही. गुडघ्याचा पट्टा पँटच्या आतून बांधावा. बाहेरून बांधला तर लोकांना तो पॅड वाटतो आणि कोणीतरी रनर देऊ करतो. बीपीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. सौ.ना कळवावे. त्या सोबत येणार असतील तर पाण्याची बाटली त्यांच्याकडेच राहते, हे त्या बोलून दाखवतीलच.

संगीताची अपेक्षा ठेवू नये. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे आणि विश्वचषक सहसा दहानंतरच जिंकले जातात. तेव्हा गाड्यांचे हॉर्न, शिट्ट्या आणि कोणीतरी घरून आणलेले स्टीलचे ताट यांच्यावर भागवावे. ताल सापडत नाही म्हणून थांबू नये. तो तिथे कोणालाच सापडलेला नसतो.

आता मूळ विषय. ‘मला नाचता येत नाही’ असे म्हणणाऱ्याने आठवून पाहावे, लहानपणी आरशासमोर पट्टी हातात धरून आपण काय करत होतो? आपल्यापैकी बहुतेकांनी आपली दैवते आधी ऐकली आणि पुष्कळ नंतर पाहिली. वाड्याच्या कट्ट्यावर ट्रान्झिस्टर, त्यातून येणारे बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन, बोळात रबरी चेंडू आणि एक टप्पा आउट. फटका कसा दिसत असेल हे आवाजावरून ताडायचे आणि तसा मारायचा. पुढे संदीप पाटील यांच्या संपादनाखाली ‘एकच षटकार’ निघू लागले. त्यातली चित्रे कापून वहीला चिकटवली, पण तोवर अंगाला लागायचे ते वळण लागून गेले होते. प्रत्येकाच्या अंगात त्यामुळे एक ऐकीव गावसकर आहे. तो मूळ गावसकरांशी फारसा जुळत नाही. त्यालाच बाहेर काढायचे, एवढेच नृत्य.

सुरुवात १९७५ च्या गावसकरांनी करावी. इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सवर ६० षटकांच्या सामन्यात ते सलामीला उतरले आणि अखेरपर्यंत खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. १७४ चेंडू, एक चौकार. नाचाची पहिली वीस मिनिटे याच गतीने काढावीत, म्हणजे जागेवर उभे राहून मान हलवावी आणि दर पाच मिनिटांनी एक पाऊल पुढे टाकावे. अंग गरम झाले की १९८७ च्या नागपूरकडे वळावे. तिथे न्यूझीलंडविरुद्ध अंगात ताप असताना याच गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, त्यांचे एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतक. त्यांना या दोन डावांमध्ये बारा वर्षे मिळाली होती. आपल्याकडे पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंतच वेळ आहे.

एकनाथ सोलकरांचा फॉरवर्ड शॉर्ट लेग जपून करावा. ते डोक्यावर हेल्मेट न घालता फलंदाजाच्या पुढ्यात वाकून उभे राहत आणि २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. या मुद्रेत खाली जाता येते. वर येण्यासाठी दोन माणसे लागतात. शिवाय चौकात त्याच उंचीवर सुतळी बॉम्ब फुटत असतात.

संदीप पाटील यांनी १९८२ साली ओल्ड ट्रॅफर्डवर बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, ती मुद्रा हात मोकळे सोडून करायची आहे. आधी मागे कोण आहे ते पाहावे. कपिल देव यांनी १९८३ च्या अंतिम सामन्यात रिचर्ड्सचा झेल घ्यायला जी पाठमोरी धाव घेतली, तिला मात्र चौकात सक्त मनाई आहे. नजर आकाशात ठेवून धावणाऱ्याला लॉर्ड्सवर चेंडू मिळतो, इथे स्कूटर.

थकलेल्यांसाठी ग्रीनिज आहे. त्याच अंतिम सामन्यात संधूचा चेंडू बाहेर जाणार असे समजून त्याने बॅट वर उचलली आणि चेंडू आत येऊन यष्टीवर आदळला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन नुसते उभे राहावे. पाहणाऱ्याला जल्लोष वाटतो. पण कोणी हात धरून गोलात ओढायला आले की हे करू नये. सोडून दिलेलाच चेंडू आत येतो.

नाचताना आठवणी सांगणे टाळावे. विशेषतः टनब्रिज वेल्सला कपिलच्या नाबाद १७५ आपण टीव्हीवर पाहिल्याचे सांगू नये. त्या सामन्याचे चित्रीकरण झालेलेच नाही, आणि शेजारी नाचणारा मुलगा खिशातल्या फोनवर हे अर्ध्या मिनिटात शोधतो. त्याच्या बहिणीच्या खोलीत सांगलीच्या स्मृती मानधनाचे पोस्टर आहे. त्या बहिणीला ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य ऐकवण्यापेक्षा तिचा कव्हर ड्राइव्ह पाहून घ्यावा. तिने तो हजारदा पाहून बसवलेला आहे, आपल्यासारखा ऐकून नाही. ‘काका, जरा बाजूला’ हे शब्द कानावर आले तर अपमान मानू नये. बाजूला होऊन नाचावे.

वयाची सबब ग्राह्य धरली जाणार नाही. ९ मार्च २०२५ च्या रात्री भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकल्यावर दुबईच्या मैदानात सुनील गावसकर सगळ्यांदेखत नाचले. त्यांचा जन्म १० जुलै १९४९ चा.