सहलीचे शिरस्तेदार

मनुष्यजातीत सहलीला जाणारे आणि सहल आखणारे असे दोन स्वतंत्र वर्ण आहेत, ही गोष्ट महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या वर्णातला माणूस पायांत वहाणा सरकवतो आणि चालू लागतो. दुसऱ्या वर्णातला प्रथम एक कोरी वही आणतो. आमच्या हिशेबखात्यात या दुसऱ्या वर्णाचे एक अग्रणी असून, त्यांच्या कारभाराचा एकंदर रिवाज पाहून आम्ही त्यांना ‘शिरस्तेदार’ ही पदवी फार पूर्वीच बहाल केली आहे. त्यांच्या खिशाला तीन पेने असतात : निळे मजकुरासाठी, तांबडे दुरुस्तीसाठी आणि हिरवे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘दुरुस्तीच्या दुरुस्तीसाठी’.

गेल्या दिवाळीत शिरस्तेदार सहकुटुंब मनालीस जाऊन आले आणि तिथल्या चीड-देवदारांनी त्यांना असे काही झपाटले की, परतल्यावर आठ दिवसांच्या आत ‘पाणथळ प्रदेश व सूचिपर्णी अरण्य यांमधून सुलभ पदभ्रमण’ या मथळ्याचा मसुदा आमच्या टेबलांवरून फिरू लागला. पाणथळीविषयी कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. २०१५ साली जिचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली जिला रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले, ती ठाण्याची खाडी महाप्याहून रिक्षेच्या अंतरावर आहे. कच्छच्या रणातून हजारो रोहित हिवाळ्यात तिथे उतरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चिखलात चोची उलट्या घालून जेवत राहतात. प्रश्न होता तो सूचिपर्णी अरण्याचा. पारसिकच्या डोंगरावर पावसाळ्यात हिरवळीची चंगळ असली तरी चीड उगवल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते, आणि कोकणपट्टीत तो उगवावा अशी अपेक्षा करणे म्हणजे शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांशी उघड वैर पत्करणे होते.

“सुरू चालेल का?” असे कोणीतरी सहज विचारले आणि पुढचे चार दिवस शिरस्तेदार चौकशीत गढून गेले. पाचव्या दिवशी लेखी निर्णय आला. त्याचा तपशील असा : सुरू हा सूचिपर्णी नव्हे, तो फुलणारा वृक्ष होय, त्याच्या ज्या सुया आपण समजतो त्या वस्तुतः पेरापेरांच्या हिरव्या काटक्या असून खरी पाने त्या पेरांवर खवल्यांएवढीच असतात, तथापि दर्शनी साम्य लक्षात घेता सदर वृक्षास एका दिवसापुरती सूचिपर्णी म्हणून मान्यता देण्यात येत आहे. पण अलिबागेच्या बाजूची सुरूची बने गाठायची तर सहल सुलभ राहत नव्हती. तेव्हा कंपनीच्या कुंपणालगतची सात सुरूची झाडे ‘अरण्य’ या सदराखाली दप्तरी दाखल झाली आणि पदभ्रमणाचा आरंभ तिथूनच करण्याचे ठरले.

यानंतरच्या बैठकांचे वर्णन मी करीत नाही. कारण त्यांची इतिवृत्ते उपलब्ध आहेत. सामानाच्या यादीतली एकच नोंद नमुन्यादाखल देतो : ‘थालीपीठ, दर माणशी ३, एकूण माणसे १०, नग ३०, दही दीड किलो, पैकी पाव किलो सांडण्याकरिता.’ ज्या माणसाने सांडणाऱ्या दह्याचीदेखील आगाऊ तजवीज केली, त्याच्या हातून काही निसटेल अशी शंका घेणे हे पाप होते, आणि ते पाप आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने केले.

हे गृहस्थ जवळच्याच गावातले आगरी, वयाने साठीकडे झुकलेले, आणि त्यांचे बालपण खाडीत जाळी टाकण्यात गेलेले. वेळापत्रकातील ‘रविवार, दुपारी १२ : ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून नौकारोहण’ ही ओळ कोणीतरी त्यांना वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले आणि मान हलविली. “साहेब, त्या दिवशी आठमी. आठमीचं पानी सहाला भरतं. बाराला तिथं निस्ता चिखल.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणच्या किनाऱ्यावरचा पिढीजात हिशेब, आणि हिशेबखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो फाटकावर उभ्याउभ्या ऐकावा लागला! शिरस्तेदारांचा चेहरा क्षणभर ओहोटीसारखा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी हिरवे पेन उघडले, पुढल्या रविवारच्या पौर्णिमेची पाऊणपट केली, सव्वाअकराचे उत्तर लिहिले आणि पहारेकऱ्यालाही दहावा सभासद म्हणून सन्मानाने सहलीत सामील करून घेतले. दहावी जागा रिकामी होतीच. विक्रीखात्यातले एक गृहस्थ तिसऱ्या बैठकीनंतर प्रकृतीचे कारण देऊन गळाले होते.

त्या रविवारी आम्ही खरोखरच निघालो. सात झाडांचे अरण्य साडेतीन मिनिटांत संपले. ऐरोलीच्या खारफुटीत तिवरांची श्वासमुळे चिखलातून पेन्सिली खोचाव्यात तशी वर आली होती, आणि आम्ही ती पाहत असताना शिरस्तेदार मात्र माणसे मोजत होते. नावेत चढतानाही त्यांनी मोजले, दोनदा मोजले आणि पांढरेफटक पडले : नऊच! वेदान्तातल्या त्या नदी उतरून आलेल्या दहा जणांची कथा आम्ही साऱ्यांनी लहानपणी ऐकलेली. पण ‘दशमस्त्वमसि’ हे महावाक्य उच्चारण्याचा मान पुन्हा पहारेकऱ्यालाच मिळाला. “धावे तुम्हीच की, साहेब!”

पाणी उतरू लागले तशी काठाची दलदल उघडी पडली आणि तिच्यावर गुलाबी रेघ उमटली. एवढे पक्षी कच्छहून नकाशा नाही, बैठक नाही, यादी नाही असे येतात, अशी कोपरखळी मारण्याचा मोह मला आवरला नाही. शिरस्तेदार काही बोलले नाहीत. इतक्यात थवा उठला. शेकडो पंखांची तांबडी किनार उन्हात लखलखली आणि सारे आभाळाला लागले, फक्त एक पक्षी मागे, मान वर करून, उडणाऱ्यांकडे पाहत उभा.

“पाहिलंत?” शिरस्तेदार हलकेच म्हणाले, “तो मोजतोय.”

आणि त्या पक्ष्याने पाय उचलेपर्यंत त्यांनी आमची नाव हलू दिली नाही.