फडकेकाका

आमच्या सोसायटीत फडके दोन आहेत. बी विंगमधले फडके आडनावाचे. ए विंगमधले फडके खांद्यावरच्या फडक्याचे. या दुसऱ्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर ठळक लिहिलेलं आहे, पण तिकडे कोणी बघत नाही. गेल्या दिवाळीनंतर बी विंगच्या फडक्यांकडे लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्यांना वॉचमनने सरळ बेसमेंटात धाडलं. अर्ध्या तासाने पाहुणे वर आले तेव्हा पत्रिका हातात तशीच होती, आणि मोटारीच्या दाराला रबर कसलं असतं याची त्यांना पुष्कळ माहिती झालेली होती.

काका बँकेतून निवृत्त. गाडी २००९ सालची वॅगन-आर. चाललेली ३१ हजार किलोमीटर. त्यातली निम्मी, काकूंच्या मते, सर्व्हिसिंगला जाण्यायेण्यात. रविवारी साडेसातला कव्हर निघतं. कव्हराखाली काकूंचं एक जुनं सुती पातळ, आणि पातळाखाली गाडी. मग बादलीवर पाच फडकी ओळीने लागतात. धुळीचं, ओलं, कोरडं, औषधाचं आणि शेवटच्या हाताचं. सोवळं इतकं कडक, की चौथं फडकं चुकून काचेला शिवलं तर काच दोनदा धुतली जाते. काचेवर सिलिकॉनचा ओशट पट्टा बसला की वायपर तो फक्त इकडून तिकडे नेतो, हे खरंच आहे. पण या गाडीचा वायपर शेवटचा कधी फिरला, ते काकूंनाही आठवत नाही.

चौथ्या फडक्यावर जे पडतं त्याला मी एकदा ‘डॅशबोर्ड पॉलिश’ म्हणालो.

“पॉलिश बुटाला,” काका म्हणाले. “हे प्रोटेक्टंट.”

ते घ्यायला एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पुन्हा जाणार नाही. काकांनी बाटली हलवली, उजेडात धरली, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि वास घेतला.

“पाण्यावरचं की सॉल्व्हंटवरचं?”

“काका, खूप चालतंय हे,” दुकानदार म्हणाला.

“मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय?”

मग काउंटरवरच वर्ग भरला. दुधासारखं पांढरट दिसतं ते बहुतेक वेळा पाण्यावरचं, पाण्यात सिलिकॉन घोळवलेलं. पारदर्शक, तेलकट आणि पेट्रोलपंपाची आठवण करून देणारं ते सॉल्व्हंटवरचं. ते टायरच्या बाजूला लावायचं तर लावा, डॅशबोर्डला नको. दुकानदाराने भाबडेपणाने विचारलं, “पण शाइन पाहिजे ना?” काकांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना कोणी खोटी नोट दिली होती.

“नवीन आली तेव्हा चकाकत होती का? मग आता म्हातारपणी का चकाकावी?”

मुद्दा बिनतोड आहे. चकचकीत डॅशबोर्ड भर दुपारी समोरच्या काचेत उमटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. ओशटपणावर धूळ चिकटते ती वेगळीच. म्हणून काका मॅट घेतात, फवारा गाडीवर न मारता फडक्यावर मारतात, आणि पाच मिनिटांनी कोरड्या हाताने सगळं उरलंसुरलं टिपून काढतात. शेवटचा प्रश्न त्यांनी बाटलीचं लेबल चष्म्याजवळ नेऊन विचारला: अतिनील किरणांपासून संरक्षण आहे का? पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जाऊ शकतो. प्लॅस्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू उडून जातं, समोरच्या काचेला आतून धुरकट थर होऊन बसतं, आणि डॅशबोर्ड कडक होऊन तडकतो. काकांचं हे सगळं बरोबर. फक्त त्यांची गाडी ज्या बेसमेंटात असते तिथे बिल्डरने ताबा दिल्यापासून सूर्य आलेला नाही. तिथे दोन ट्यूबलाइट आहेत, त्यातली एक लुकलुकते.

त्यांची थट्टा करायचा मला तसा अधिकार नाही. शास्त्र ऐकून कंटाळलो आणि मी एकदा आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला खोबरेल लावलं. आठवडाभर गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. मग तिच्यावर सिंहगड रस्त्याची धूळ बसली आणि मऊसूत लेप तयार झाला. जानेवारीत एका पहाटे पाहतो तर डॅशबोर्डच्या बारीक रेघांमध्ये पांढरं काहीतरी. मला बुरशी वाटली. काकांनी नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, “गोठलंय. चोवीस अंशांखाली खोबरेल गोठतं हे तुझ्या बायकोला माहीत असेल, तिला विचारून तरी लावायचंस.” जुना टूथब्रश आणि कोमट साबणपाणी घेऊन दोन रविवार गेले. खवट वास मार्चपर्यंत राहिला.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. पण काकांनी नापसंत केलेली एक चकचकीत बाटली माझ्याकडे पडून होती, ती मी स्कूटरच्या सीटला लावली. पहिल्याच स्पीडब्रेकरला बायको मागून घसरत माझ्या पाठीवर आली. खाली उतरली, पदर सावरला आणि उरलेला रस्ता चालत गेली. त्या रात्री काकांनी मला कागदावर लिहून दिलं: स्टिअरिंग नाही, पेडल नाही, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग नाही, दुचाकीची सीट तर अजिबात नाही. खाली तारीख आणि सही. बँकेतली सवय.

मृगाआधी मात्र काका डॅशबोर्ड सोडून दारांकडे वळतात. एका बोटाला सिलिकॉन ग्रीस, चारही दारांच्या रबरावरून सावकाश एक फेरी, मग पाचवी डिकी. कोणी पेट्रोलियम जेली सुचवली की ते थांबतात. दाराचं हे रबर उन्हाला आणि हवेला दाद देत नाही, पण खनिज तेल पितं. पिऊन फुगतं, ढिलं पडतं आणि पावसाचं पाणी आत येतं. हे ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात आमच्या घरी एका मामांविषयी बोलत.

मागच्या वर्षी मुलाच्या आग्रहाने त्यांनी गाडी विकायला काढली. एक तरुण बघायला आला. आत बसला, डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाला, “काका, ही तर शोरूममधली वाटते.” काका सुखावले. किमतीवर घासाघीस केली नाही. फक्त विचारलं, “लावणार कुठे?”

“रस्त्यावरच. घरासमोर गुलमोहर आहे, त्याच्याखाली.”

“कळवतो,” काका म्हणाले. त्या आठवड्यात गाडीवर दुसरं कव्हर आलं.

परवा संध्याकाळी ते फाटकाशी उभे दिसले. बाटली संपली होती, नवी आणायला निघाले होते. बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू आहे, धूळ फार उडते, म्हणून रिक्षाला हात करत होते.