फणी जाते का?

सुमनताईंनी कुत्री पाळली आहे असं म्हणणं बरोबर नाही. कुत्री काय, पुष्कळ जण पाळतात. सुमनताईंनी केस पाळलेत, आणि त्या केसांच्या आत एक गोल्डन रिट्रीव्हर राहते. नाव बासुंदी. अशा एक ताई तुमच्याही सोसायटीत असणारच, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लोकांनी काळे कपडे घालणं का सोडलं, तेही सांगायला नको.

ताईंच्या पर्समध्ये एकवेळ पैसे नसतील, पण स्टीलची फणी असतेच. अर्धे दात विरळ, अर्धे दाट. "ब्रश काय, कोणीही मारतं," हे त्यांचं मंगलाचरण. "वरून कुत्रा कॅलेंडरवरचा दिसतो. आणि खाली कातडीपाशी? नमदा! मुळापर्यंत फणी गेली, तरच विंचरलं म्हणायचं." शास्त्र चोख आहे. गुंत्याच्या जागा ठरलेल्या: कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, मांडीमागच्या झालरीत. तो न सोडवता आंघोळ घातली की आणखी आवळतो, आत ओल राहते आणि कातडी लाल होते. म्हणून आधी विंचरायचं, मग भिजवायचं. शाम्पूही कुत्र्याचाच, कारण माणसाच्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास आणि कुत्र्याचा सातच्या जवळ. हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नाही. माझ्याकडे कुत्रा नाही. पण लिफ्ट एकच आहे.

नव्या बिऱ्हाडातल्या बाई एकदा आपल्या शित्झूला डोक्यावर गुलाबी रबरबँड बांधून गेटपाशी फिरवत होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सुमनताई मटकन खाली बसल्या, फुंकर मारून केस बाजूला केले आणि कानामागे फणी घातली. अडकली. "जात नाही," त्या म्हणाल्या. ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून बाहेर आलेल्या डॉक्टरचा आवाज होता तो. बाई रडायच्याच बाकी होत्या.

बरं, फणी कुत्र्यांपुरती राहिली असती तरी चाललं असतं. वार्षिक सभेत खजिनदारांनी रंगीत आलेखांसकट हिशोब मांडला. टाळ्या पडायच्या बेतात असताना मागून आवाज आला, "दिसतंय छान हो. पण फणी जाते का?" फणी गेली नाही. पाण्याची टाकी एकदाच धुतली होती आणि बिल दोनदा निघालं होतं. पुतणीला स्थळ सांगून आलं: मुलगा उंच, गोरा, बंगळुरात नोकरी, बोलायला गोड. "कोट चांगलाय," ताई म्हणाल्या, "पण..." पुढचं पुतणीनेच पूर्ण केलं आणि नकार कळवला. टीव्हीवर कोणी मंत्री खड्डेमुक्त रस्त्यांबद्दल बोलू लागला की ताई नुसती पर्सची चेन उघडतात. घरचे समजतात.

मे महिना हा त्यांचा मोहिमेचा काळ. उन्हाळा लागला की दयाळू माणसं कुत्र्यांना भादरून आणतात. तळमजल्यावरच्या काकांनी आपला 'पॉमेरेनियन' सफाचट करून आणला आणि पार्किंगमध्ये ताईंच्या तावडीत सापडले. एक म्हणजे तो पॉमेरेनियन नव्हे, इंडियन स्पिट्झ. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी होता ना, त्याच जातीचा. दुसरं म्हणजे त्याला दुहेरी कोट असतो, वर राठ, आत मऊ लोकर. आतली गळणारी लोकर विंचरून काढली की हवा खेळते. वरचा कोट ऊन थोपवतो. मुळापासून भादरलं की ऊन थेट कातडीवर, आणि केस परत येताना धड येतील की ठिगळा-ठिगळांनी, याची खात्री नाही. पूडलचं, शित्झूचं वेगळं. त्यांचे केस वाढतच राहतात, तिथं कात्री लावायलाच हवी. "तुम्ही स्वतः उन्हात टोपी घालता ना? मग त्याची का काढलीत?" काका डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नसावं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंनी वाण काय द्यावं? गोचीड काढायचे चिमटे. मुळाशी धरायचं, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, अशी चिठ्ठी जोडून. ज्यांच्याकडे मांजर होतं त्यांच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ होती: कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला कदापि लावू नये; त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर जिवानिशी जातं. तिळगूळ घ्या, गोड बोला.

पार्लरबद्दल त्यांचं मत तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही. वाईट आहे ते तिथल्या दरपत्रकाबद्दल. पंजांचा मसाज, नखांना रंग, ब्लूबेरी फेशियल. "ब्लूबेरी कुणाला? कुत्र्याला की बिलाला?" असं त्यांनी काउंटरवर मोठ्यांदा विचारलं होतं. पण आत टेबलापाशी दिवसभर उभा राहणारा पोरगा, ज्याच्या हातावर ओरखडे असतात आणि ब्लोअर लावला की नाकातोंडात केस जातात, त्याला त्या दिवाळीला घरी फराळाला बोलावतात. "याची फणी जाते," असं त्या सगळ्यांना सांगतात. आमच्या सोसायटीत हा मान आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. मी त्यांना चुकवायला जिन्याने जातो.

तरी एकदा वाटी परत द्यायला त्या आमच्या घरात शिरल्याच. आमच्याकडे मनी आहे. म्हणजे आप्पांची आहे. लांब केसांची, आता म्हातारी. उभ्या आयुष्यात तिला कुणी विंचरलं नाही. ती आणि तिची खरखरीत जीभ. हिवाळ्यापासून मात्र पाठीच्या मागच्या भागावर केसांचे गठ्ठे धरले होते. आता पर्स उघडणार, म्हणून मी कोपऱ्यात सरकलो. ताईंनी मनीच्या मागच्या पायांवरून नुसता हात फिरवला. "सांधे धरलेत हो हिचे. मान तिथवर वळत नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या." बायको कात्री घेऊन आली. "खबरदार! मांजराची कातडी कागदासारखी असते, गुंत्याबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते."

मग त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. गठ्ठ्यावर कॉर्नफ्लोर भुरभुरलं. डाव्या चिमटीत केस अगदी कातडीलगत धरले, म्हणजे ओढ आत पोचू नये, आणि उजव्या हाताने टोकाकडून एकेक बट मोकळी करत वर सरकल्या. मनी गुरगुरली की हात थांबवायचा. शेपटी आपटली की पुरे, उरलेलं उद्या. अशा बऱ्याच संध्याकाळी त्या आल्या. पीएच नाही, दुहेरी कोट नाही, व्याख्यानाचं एक अक्षर नाही. "इतकं हळू कुठं शिकलात?" आप्पांनी विचारलं.

"सासूबाई सात वर्षं अंथरुणाला होत्या. केस कापू द्यायच्या नाहीत." आणि पुढची बट धरली.

शेवटच्या दिवशी त्यांची नजर मनीवरून आप्पांच्या पायांकडे गेली. आप्पा ८४ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. वाकता येत नाही आणि पायाला कुणाला हात लावू देत नाहीत. नखं कापायला गेलेला मुलगा, सून आणि पगारी ब्रदर असे सगळे त्यांनी हाकलून लावलेले. ताईंनी परवानगी वगैरे मागितली नाही. कोमट पाण्याचा टब मागवला आणि म्हणाल्या, "आप्पा, पंजा द्या."

आप्पांनी दिला.

"थोडं थोडंच घ्यायचं," ताई स्वतःशीच बोलत होत्या. "काळ्या नखात आतली नस दिसत नाही, तिथं भीती. तुमची दिसतात, तुमचं सोपं." आणि एकेक नख झालं की टेबलावरच्या डब्यातलं एकेक शंकरपाळं आप्पांच्या तोंडात. यात थट्टा नव्हती. नख झालं की खाऊ, ही त्यांच्या हाताचीच सवय. ज्या माणसाने चाळीस वर्षं अख्ख्या शाळेला चळाचळा कापायला लावलं, तो निमूट चावत होता. उजवा पाय संपला तसा डावा त्यांनी आपणहून पुढे केला.

आता ताई यायच्या त्या रविवारी आप्पा सकाळपासून पायमोजे काढून बसतात. आणि परवा घरी केस कापायला न्हावी आला. कटिंग झाली, मानेवरचे केस झटकले, कापड सोडलं, तरी आप्पा खुर्चीतून उठेनात.

"काही राहिलं का, आप्पा?" त्याने विचारलं.

आप्पांनी आ केला. न्हाव्याला वाटलं, दाढ दुखतेय.