हलता देखावा

मार्च महिन्याविषयी ऋतुवर्णनकार कवींनी काहीही लिहून ठेविलेले असो, नगरपालिकेच्या दफ्तरात तो सुगीचा महिना गणला जातो. सरकारी जमाखर्चाचे वर्ष ३१ मार्च रोजी संपावे हा दंडक इंग्रज सरकारने १८६७ साली घालून दिला. पुढे इंग्रज गेले, त्यांचे पुतळे चौकांतून उठून वस्तुसंग्रहालयांच्या परसांत जाऊन बसले, परंतु ती तारीख काही जागची हलली नाही, आणि त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत जो पैसा खर्ची पडत नाही तो ‘व्यपगत’ होतो या धास्तीने, अकरा महिने घामाचा थेंब ठाऊक नसलेले अधिकारी आजही पंख्याखाली निथळू लागतात. ‘व्यपगत’ हा शब्द मला भारी वाटतो. माणूस नुसता मरतो. निधी व्यपगत होतो, आणि त्याचे सुतक अधिक कडक असते.

यंदा असा मरणोन्मुख निधी ‘सौंदर्यीकरण’ या लेखाशीर्षाखाली निघाला. बाजारपेठेत बायकांसाठी एक मुतारी असावी असा अर्ज गेली सात वर्षे आवक-जावक नोंदवहीत येरझारा घालीत आहे, ही गोष्ट मी उपसमितीचा साहित्यिक सभासद या नात्याने निदर्शनास आणिली, तेव्हा मुख्याधिकारीसाहेबांनी अत्यंत सौजन्याने मला समजाविले की मुतारी ‘स्वच्छता’ या शीर्षात मोडते, ‘सौंदर्या’त नव्हे, आणि एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षाला लावणे हा गुन्हा आहे, मग गरज कितीही तातडीची असो, विशेषतः ही. सबब मुख्य चौकात एक पोलादी वृक्ष उभारावा, माणूस जवळ येताच त्याची पाने उजळावीत आणि त्याने बोलावे, असे ठरले. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी त्याचे एक रंगीत चित्रही पडद्यावर दाखविले. तो आमचाच चौक आहे हे खाली लिहिलेले असल्यामुळे कळले. चित्रात रिक्षा नव्हती, गाय नव्हती, भज्यांची गाडी नव्हती. जांभळ्या सांजप्रकाशात चार-दोन गौरवर्णीय दांपत्ये बाळांच्या ढकलगाड्या लोटीत निवांत चालली होती. ढकलगाडी लोटता येईल इतका सपाट रस्ता आमच्या गावात मुळी नाही, हे मी बोललो नाही, कारण तो विषय ‘बांधकाम’ या शीर्षात गेला असता.

‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता यावर एक पूर्ण बैठक खर्ची पडली आणि ‘परस्परसंवादी’ हा शब्द बहुमताने मंजूर झाला. परस्परसंवादी म्हणजे काय, असे वृद्ध हेडक्लार्कांनी विचारले. सल्लागार म्हणाले, “नागरिक समोर आला की ते त्याला उत्तर देतं.” हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढविला. “लगेच?” “दोन सेकंदांत.” सभागृहात क्षणभर शांतता पसरली, आणि मग, तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचा अनुभव ज्यात एकवटला आहे अशा स्वरात, हेडक्लार्क म्हणाले, “साहेब, याचा पायंडा पडेल.”

आमच्या प्रशासनात कोणतीही गोष्ट पूर्वी घडलेली असल्याखेरीज प्रथम घडू शकत नाही, त्यामुळे लेखापालांनी दाखला मागितला, आणि तो पुरविण्याची कामगिरी ग्रंथपालांवर आली. त्यांनी सांगितले की ज्याँ टिंगेली नामक स्विस शिल्पकाराने न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेत सायकलची चाके, एक जुना पियानो आणि न्हाणीघरातला टब असल्या सामग्रीतून, थोडक्या आठवड्यांत, एक प्रचंड यंत्र उभारले होते; त्याचे प्रयोजन एवढेच की त्याने प्रेक्षकांसमक्ष स्वतःचा नाश करून घ्यावा; आणि १७ मार्च १९६० रोजी (महिना पाहावा!) २७ मिनिटे खडखडाट करून, आग लागल्यामुळे अग्निशामक दलाच्या साहाय्याने, त्याने तो बव्हंशी करून घेतला. लेखापालांनी सर्व शांतपणे ऐकले आणि मग ती वस्तू जडसंग्रह नोंदवहीतून कोणत्या आदेशान्वये निर्लेखित केली अशी पृच्छा केली. तो दाखला बारगळला. दुसरा लंडनच्या टेट गॅलरीचा होता. तेथे १९७१ साली रॉबर्ट मॉरिस यांनी लोकांनी चढावे, तोल सांभाळावा म्हणून लाकडी उतरणी आणि तुळया मांडल्या, आणि लोकांनी सहभाग इतका मनापासून घेतला, की माणसे जायबंदी होऊ लागल्याने ते प्रदर्शन काही दिवसांतच बंद करावे लागले. आरोग्य सभापतींचा चेहरा उतरला. तिसरा दाखला मात्र लागू पडला. मुंबईत जन्मलेले अनीश कपूर यांचे १६८ पोलादी पत्रे जोडून घडविलेले शिकागोतील ते सुप्रसिद्ध घेवड्यासारखे शिल्प, २००४ साली उद्यानाच्या उद्घाटनास सांधे दिसत असतानाच लोकांपुढे ठेविले गेले, नंतर पुन्हा तंबूत झाकून घासले गेले आणि २००६ साली पुरे झाले. उद्घाटन होणे आणि काम होणे या दोन पृथक् घटना आहेत हे तत्त्व अमेरिकेसही मान्य आहे असे पाहून उपसमितीस मोठे समाधान वाटले आणि ठराव एकमताने संमत झाला.

यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, एकच निविदा आल्यामुळे फेरनिविदा, वाहतूक पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र इत्यादी संस्कार यथासांग पार पडून कार्यादेश निघाला तो ९ मार्च रोजी. कागदांनी अकरा महिने घेतले होते. कलेच्या वाट्यास बावीस दिवस आले. त्यांतही पायाचे काँक्रीट १५ तारखेस पडले, आणि काँक्रीटास पुरे बळ धरावयास २८ दिवस लागतात हे ज्यांना ठाऊक होते अशा अभियंत्यांनी, त्या निर्जीव पदार्थास कारणे दाखवा नोटीस देण्याचे तेवढे बाकी ठेवून, सोळा दिवस त्यावर तिन्हीत्रिकाळ पाणी मारविले. सिमेंट हे आर्थिक वर्ष न मानणारे एकमेव खाते असावे.

मूळ ठेकेदाराने काम पोटठेकेदारास दिले, त्याने आणखी कोणास दिले, आणि अशा रीतीने प्रत्येक पायरीवर थोडा थोडा आटत तो पैसा शेवटी जेथे पोहोचला तेथे आमचे मिस्त्री बसले होते. हे गृहस्थ चाळीस वर्षे गणपतीचे हलते देखावे करीत आले आहेत. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ साली सुरू झाला की १८९३ साली, या वादात पुण्याबाहेरच्या माणसाने पडू नये असे माझे मत आहे; परंतु जवळ येऊन टक लावणाऱ्या, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या, प्रसंगी पडद्यामागे डोकावणाऱ्या लोकांसाठी रस्त्यावर यंत्रकला मांडण्याची विद्या आमच्याकडे पुण्याहून पडद्यावर दाखवावयास आणण्याची गरज नव्हती, ती गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये अगोदरच नांदत होती. ट्रकच्या काच पुसण्याच्या वायपरची मोटर, सायकलची साखळी, आणि दिव्यांची उघडझाप साधण्यासाठी तांब्याच्या पट्ट्या ठोकलेला एक फिरता डबा एवढ्या भांडवलावर मिस्त्रींनी ‘आग्र्याहून सुटका’ उभी केली होती, आणि तीत दर चार मिनिटांनी महाराज पेटाऱ्यातून निसटत आणि दहाही दिवस मोगल पहारेकरी तितक्याच वेळा आश्चर्याने मान फिरवीत. मी त्यांना एकदा विचारले होते की इतक्या वर्षांत एकदाही उशीर कसा झाला नाही. ते म्हणाले, “चतुर्थीला मुदतवाढ कोण देतंय?”

वृक्षाच्या खोडात त्यांनी बसविलेले ते दर्शक यंत्र मी जवळून पाहिले. अर्ध्या लिंबाएवढी दुधी रंगाची टोपी. तिच्या आत उष्णतेला जाणणारे दोन डोळे शेजारी शेजारी. आणि माणसाच्या अंगाची ऊब एका डोळ्यापुढून दुसऱ्यापुढे सरकली म्हणजे कोणी तरी चालले आहे असे ते समजते. “म्हणजे नुसता उभा राहिलेला माणूस?” “दिसत नाही,” डाख देण्याची कई बाजूला ठेवीत मिस्त्री म्हणाले, “हललं तरच दिसतं.” ही गोष्ट त्यांनी पोटठेकेदारामार्फत लेखी कळविली होती. तो कागद, अर्थातच, हलला नाही.

वेळ नव्हता म्हणून सर्व चाचण्या रात्री दोनच्या सुमारास झाल्या, आणि त्या गारव्यात यंत्र अप्रतिम चालले. चौकातील एकूण एक कुत्र्याचे त्याने ‘सन्माननीय नागरिक, आपले स्वागत असो’ असे म्हणून स्वागत केले. मुख्याधिकारीसाहेब प्रत्यक्ष पाहणीसाठी आले ते ३० तारखेस दुपारी तीन वाजता, जेव्हा ऊन चाळिशीला टेकलेले होते. साहेब वृक्षापुढून चालत गेले. चालत आले. रुमाल हलविला. वृक्ष ढिम्म. “साहेब, फरशी तापलीय, भिंत तापलीय, माणूसही तेवढाच तापलाय,” मिस्त्री म्हणाले. “त्याला तिघांत फरकच कळत नाही.” भर दुपारी कचेरीच्या वेळात नागरिक आणि भिंत यांत भेद न करणारे हे यंत्र परदेशी बनावटीचे आहे हे मला शपथेवर सांगितले असते तरी मी मानले नसते. तोडगा त्वरित निघाला. उद्घाटन संध्याकाळी ठेवावे.

उद्घाटनाचे वर्णन करण्यात फारसे हशील नाही. नामदार अडीच तास उशिरा आले. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. वृक्षासमोर सोफ्यावर नामदार, नगराध्यक्ष आणि सर्व सभापती, छायाचित्रकार समोर असल्यामुळे, मूर्तिवत् बसले होते, आणि इतकी प्रतिष्ठा एकदम स्थिर झाल्यामुळे वृक्ष काळोखात गेला. एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन हॉटेलातला पोऱ्या मधून गेला. तत्क्षणी शेकडो पाने हिरवी झाली आणि गंभीर आवाज उमटला, “सन्माननीय नागरिक, आपले स्वागत असो.” पोऱ्या दचकला, मग एका हाताने ट्रे सावरीत त्याने झाडाला उलट नमस्कार केला. परस्परसंवाद म्हणावा असा त्या संध्याकाळी तेवढाच घडला. परतताना तसेच झाले, साखर आणावयास गेला तेव्हा पुन्हा झाले, आणि तिसऱ्या वेळी नामदारांनी नगराध्यक्षांकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्या दिवसातील सर्वांत बोलकी कलाकृती होती.

माप पुस्तिकेत काम ३१ मार्च रोजी पूर्ण झाल्याची नोंद आहे. विजेची जोडणी मंडपवाल्याच्या नावे तात्पुरती होती, ती त्याच्याबरोबर गेली. देखभालीसाठी तरतूद नसल्यामुळे नवी मागता येत नाही. वृक्षाच्या एका फांदीला सध्या नारळपाणीवाला आपला कोयता अडकवितो.

परवा मी मुतारीच्या अर्जाचे काय झाले ते विचारावयास कचेरीत गेलो. खिडकीपाशी पाऊण तास उभा होतो. कारकून दोन हातांवर होता, माझ्याकडे तोंड करूनच बसला होता, आणि मी त्याच्या दृष्टीस पडत नव्हतो. माझ्या मागे रांगेत मिस्त्री होते. त्यांचे अर्धे बिल अजून निघावयाचे आहे. त्यांनी हळूच माझ्या खांद्याला स्पर्श केला. “साहेब, नुसतं उभं राहून नाही चालायचं.”

मी हात वर करून डावीकडून उजवीकडे नेला. कारकुनाने मान उचलली, आणि माझ्या मागून चाललेल्या चहाच्या पोऱ्याला हाक मारली.