साडेसातचे साडेसोळा

"वहिनी, तनूची नाटाची परीक्षा झाली म्हणे? मार्क किती पडले?"

"मार्क चांगले पडले हो. आता आम्ही पडायची वेळ आलीय."

सांगलीत आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. तिच्यावरून कढीपत्ता पलीकडे जातो आणि बातमी अलीकडे येते. आजची बातमी अशी, की तनूला आर्किटेक्टच व्हायचंय. मुंबईच्या जेजे कॉलेजचं स्वप्न होतं, तिथवर गुण पोचत नाहीत. सरकारी प्रवेशाच्या कॅप राऊंडला कोल्हापूरला नंबर लागेल असं दिसतंय, पण बाईसाहेबांना पुणंच हवं. मॅनेजमेंट कोट्यातून का होईना.

"फी किती?"

"दीड लाख. वर्षाची. ह्यांनी बँकेतून फॉर्म आणून ठेवलाय. पाच वर्षांचे साडेसात लाख, तेवढ्याला तारणही लागत नाही म्हणाले. पोरगी नोकरीला लागली की फेडेल की!"

आमच्या ह्यांची अख्खी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळे हे गणित मला पाढ्यासारखं पाठ आहे. म्हटलं, "वहिनी, साडेसात म्हणजे साडेसात नव्हेत. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर पाच वर्षं शिकताना व्याज चढणार, वर हप्ता सुरू होण्याआधीच्या एका वर्षाचंही. दुसऱ्या वर्षीच्या उचलीवर पाच वर्षांचं, तिसऱ्यावर चार. दर दहा टक्के धरा. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी नुसतं व्याज तीन लाख झालेलं असतं. म्हणजे डोक्यावर साडेदहा. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला चौदा हजारांना सव्वाशे कमी. एकूण भराल साडेसोळा लाखांच्या वर."

वहिनींच्या हातातली शेवग्याची शेंग हातातच राहिली.

"आणि आर्किटेक्टना पगार किती मिळतो?"

इथं मला नणंदेच्या मुलाचं सांगावं लागलं. हुशार मुलगा. पाच वर्षं रात्री जागून काढली. शेवटी सहा महिने इंटर्नशिप, तिथं स्टायपेंड आठ हजार. तेही साहेबांच्या मूडवर. डिग्री हातात आल्यावर पुण्यातच एका ऑफिसात चिकटला, बावीस हजारांवर. त्याच्याबरोबर बारावी झालेला मित्र कॉम्प्युटरला गेला, तो चार वर्षांत बाहेर पडून वर्षभर आधी कमवायला लागला होता. आता बावीस हजारांतून चौदा हजार हप्ता गेला, तर कॉट बेसिसचं भाडं आणि मेस कशातून भरायची? नणंद अजून महिन्याला पैसे पाठवते. लोकांना सांगते, मुलगा पुण्यात सेटल आहे.

"पण पुढं वाढतं ना? स्वतःचं ऑफिस काढलं की?"

वाढतं, नाही कशाला म्हणू? आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी झाली की नावामागं आर्किटेक्ट लावता येतं, १९७२ च्या कायद्यानं ते दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. पण पाटी लावली म्हणजे गिऱ्हाईक आलं असं थोडंच आहे? हे काम ओळखीवर चालतं, आणि ओळखी व्हायला वर्षं जातात. हप्ता मात्र वर्षभरातच सुरू, पगार सगळ्यात कमी असतो नेमका तेव्हा.

"आता खरं सांगा," मी म्हटलं, "तुम्ही वरचा मजला चढवलात तेव्हा नकाशा कुणी काढला?"

"कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीचा तो मुलगा नव्हता का."

"त्याला काय दिलंत?"

वहिनी हसल्या. "दिलं ना, पाच हजार. एलिव्हेशन त्यानं तसंच काढून दिलं. कागदावर चार रेघा मारायच्या, त्याला किती द्यायचे?"

म्हणजे आपल्या गावात आर्किटेक्टला पैसे द्यायचं जिवावर येणाऱ्यांत आपण दोघी पहिल्या, आणि त्याच धंद्यात पोरीला घालायला कर्ज काढणाऱ्या वहिनी. हे मी बोलले नाही. शेजार टिकवायचा असतो.

बोलले ते वेगळंच. दीड लाख ही फक्त फी. नणंदेकडे मी डोळ्यांनी बघितलंय: ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, सनबोर्ड, कटर, बाटल्याच्या बाटल्या फेव्हिकॉल, आणि ज्युरीच्या आदल्या रात्री मोठ्या शीटांची छपाई. पुन्हा चूक निघाली की पुन्हा छपाई. एकदा तो सुट्टीला येताना बाल्सा लाकडाचं मॉडेल मांडीवर घेऊन एसटीनं आला. कराडला कुणीतरी सीटवर रुमाल टाकायला गेलं ते थेट त्याच्या ॲम्फिथिएटरवर. पोरगं बसस्टँडवर रडलं. होस्टेल आणि हे सगळं धरलं की कर्ज साडेसातच्या वर जाणार. आणि वर गेलं की बँक तारण मागणार. तारण म्हणजे काय, तर हेच घर.

"व्याजावर कर वाचतो असं हे म्हणत होते."

"वाचतो. जुन्या करपद्धतीत, आठ वर्षं. पण आधी कर बसेल इतका पगार तर हवा!"

एवढ्यात आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला कर्जाचा वास लांबून येतो. म्हणाले, "शिकतानाच व्याज भरत जा. पहिल्या वर्षी महिन्याला साडेबाराशे, पाचव्या वर्षी सव्वासहा हजार. मग हप्ता दहा हजारांच्या आत राहतो." आणि एवढं सांगून परत आत गेले.

पण मला विचाराल तर मुळात कर्जच कशाला? तनू मुलगी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, व्यावसायिक कोर्सलासुद्धा. मात्र प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. म्हणजे कोल्हापूरला फी माफ, एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि पुण्याला साडेसोळा लाख. डिग्री तीच, नोंदणी तीच. कोल्हापूरला शिकली म्हणून भिंत वाकडी येत नाही.

"ती म्हणते, पुण्यात एक्स्पोजर मिळतं."

"मिळू दे की. इंटर्नशिपला जाऊ दे पुण्याला. सहा महिन्यांचं भाडं परवडेल, पाच वर्षांचं कर्ज नाही."

वहिनी विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "ईडब्ल्यूएसचा दाखला काढलाय. ह्या वर्षीचा आहे का ते बघते. पण ह्यांनी बँकेच्या फॉर्मवर सहकर्जदार म्हणून स्वतःची सही केलीय हो आधीच."

"दिलाय का फॉर्म?"

"नाही, कपाटात आहे."

"आणि भाऊजी एसटीतून रिटायर कधी?"

त्यांनी बोटं मोजली. तनूचं चौथं वर्ष चालू असताना. हप्ता सुरू व्हायच्या अडीच वर्षं आधी.

"वहिनी," मी म्हटलं, "कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"