कुत्र्याचं पंचांग

किनवटात कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ लावायला पशुवैद्य लागत नाही, पानटपरी पुरते. रात्री कुत्रं रडलं की गल्लीत कुणाचा तरी नंबर लागला. आजारी म्हाताऱ्याच्या घराकडं सगळ्यांच्या नजरा. रेल्वेचा भोंगा ऐकून ते गळा काढतं, लांबून दुसरं साथ देतं, हे कुणी मनावर घेत नाही. म्हातारा सकाळी ओट्यावर चहा फुरकताना दिसला तरी भाकीत चुकलं नाही. तारीख पुढं गेली.

निघताना कुत्र्यानं कान फडफडवले की काम होत नाही म्हणे. कान खाजतो बिचाऱ्याचा! आत गोचिड्या झाल्यात का, हे बघायला कोण वाकतो?

शेपटी हलली म्हणजे खूश, हे तर सर्वमान्य. इटलीतल्या संशोधकांना २००७ साली दिसलं, की मालक पाहून शेपटी उजवीकडं जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा पाहून डावीकडं. ताठ, उंच शेपटीची थरथर तर चक्क धमकी. आमचा माणूस लाडानं हात पुढं करतो आणि तिथून थेट रेबीजच्या लशीच्या रांगेत.

शेजारी माहूरला दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद. त्यांना हात जोडून आलेला भाविक किनवटच्या बसस्थानकात उतरतो आणि पायाशी घुटमळणाऱ्या पाचव्यासाठी दगड शोधतो. कोपऱ्यात सापडलेलं ते जांभई देतं, नाकावरून जीभ फिरवतं. ताण आला की कुत्रं असंच करतं. "बघा, कसं माजलंय," म्हणेपर्यंत दुसरा दगड हातात आलेला असतो.